रात्रीच्या लाईनचा आठवडा

शेखरनं रिमोटमधले दोन्ही सेल काढून खिशात टाकले. मग गेलेल्या बायकोचा, जयमालाचा फोन लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. समोर गादीवर बसून दोन्ही लेकरं बघत होती.

“आजपासून नऊ म्हणजे नऊ,” तो म्हणाला. “सकाळी शाळा असली की नऊले लाईट बंद. कोणाचं काही ऐकणार नाही मी.”

ऋत्विक दुसरीत होता. त्याला कशातही खेळच दिसायचा. तो लगेच आडवा झाला आणि डोळे घट्ट मिटून हसायला लागला. समीक्षा बसूनच राहिली. ती सहावीत होती, पण आई गेल्यापासून तिच्या बोलण्याचालण्यात मोठ्या बाईसारखा जडपणा आला होता.

“टीव्ही राहू द्या बंद,” ती म्हणाली. “फोन बाहेर ठेवा.”

“काऊन?”

“राहू द्या बाहेर. मी हात नाही लावत.”

“हात नाही लावायचा, तं पेटीत काय अन् बाहेर काय.”

बाजेवरून शेखरची आई रुखमाबाई म्हणाली, “कोंबड्या डालल्यावानी लेकरं डालून राह्यला का बे? माही सून होती तवा असे कायदे नव्हते या घरात.”

“सून होती तवा लेकरू वर्गात झोपत नव्हतं,” शेखर म्हणाला आणि त्यानं लाईट बंद केला. रुखमाबाईचं घोरणं तेवढ्यात सुरूही झालं. ती एकदा झोपली की छपरावर दगड पडला तरी उठत नसे.

समता मॅडमनी शाळेत बोलावून सांगितलं होतं. पोरगी डुलक्या घेते, विचारलं तर गोंधळते. या वयाच्या लेकराला रात्रीची नऊ तास झोप पाहिजे, घरात मोबाईल असेल तर तो आधी बाजूला करा. शेखरला ते पटलं होतं. जयमाला दिवाळीनंतर तापाचं निमित्त होऊन आठवड्याच्या आत गेली. तेव्हापासून घरात जेवणाला वेळ नव्हती, झोपेला नव्हती. कुठून तरी सुरुवात करायला पाहिजे होती.

पहिला आठवडा चांगला गेला. त्या आठवड्यात शेतीची लाईन दिवसा होती. एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, अशी तिकडच्या गावांची वीज चालते. दिवसाच्या आठवड्यात शेखर संध्याकाळी घरी असे. नऊला लेकरं झोपली की तो अंगणात बाज टाकून पडे. समीक्षा सकाळी हाक न मारता उठायची. आपल्याला जमतंय असं त्याला वाटलं. बऱ्याच दिवसांनी तसं काही वाटलं होतं.

मग रात्रीची लाईन आली. जेवण झालं, नऊ वाजले, लाईट बंद झाला. शेखरनं बॅटरी घेतली आणि तो वांग्याच्या वावराकडे गेला. रात्री लाईन असली की माणसं वावरात जातात, त्यात कोणाला काही विचारायचं नसतं.

गुरुवारी दुपारी शाळेतून फोन आला. तो वाल तोडत होता. तोडलेल्या शेंगा तशाच टाकून तो मोटरसायकलवर निघाला. समीक्षा ऑफिसातल्या बाकावर बसली होती, कपाळावर पट्टी होती.

“फळ्यावर गणित सोडवत होती,” समता मॅडम म्हणाल्या. “हातात खडू तसाच, आणि उभ्या उभ्या झोपली. सरळ खाली पडली हो. टेबलाचा कोपरा लागला. जरा खाली लागला असता तर डोळाच गेला असता.”

शेखर पट्टीकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसत नव्हता. “नऊले झोपते ती, मॅडम. मी स्वतः लाईट बंद करतो.”

“मागच्या आठवड्यात छान होती. मी बरेच दिवस बघतेय. एक आठवडा पोरगी चुणचुणीत असते, एक आठवडा तिचे डोळे उघडत नाहीत. घरी दर आठवड्याला काय बदलतं?”

“काही नाही,” शेखर म्हणाला.

घरी येताना समीक्षा मागे बसली होती. तिचं डोकं त्याच्या पाठीवर टेकलं आणि तिथेच राहिलं. ती झोपेत पडेल म्हणून त्यानं एका हातानं तिचं मनगट धरलं आणि सगळा रस्ता तसाच हळूहळू कापला.

तिला गादीवर निजवून तो ओसरीवर आला. शाळेच्या गाडीतून ऋत्विक येऊन मुरमुरे खात बसला होता.

“ऋत्विक, ताई रात्री काय करते?”

“काई नाई.”

“मार नाही देत. सांग.”

“वर जाते,” ऋत्विक म्हणाला. “मले म्हणते तू झोप. मी झोपतो.”

घर स्लॅबचं होतं, बाहेरून जिना होता. शेखर वर गेला. गच्चीच्या कठड्याला एका ठिकाणी फट ठेवलेली होती, पाणी जाण्यासाठी. तिच्यासमोर गोणपाट चार पदरी घडी करून टाकलं होतं. बसून बसून मधे खोलगट झालं होतं. तो त्या गोणपाटावर बसला आणि फटीतून त्यानं बघितलं.

खालून नाल्यापर्यंत लोकांच्या तुरी होत्या, लिंबाची झाडं होती. त्यांनी सगळं वावर झाकलं होतं. दिसत होती फक्त त्याची विहीर. चुना लावलेला पांढरा काठ, उन्हात स्पष्ट.

तो उठायला गेला, पण उठला नाही.

पायऱ्यांवर पावलं वाजली. समीक्षा वर येऊन उभी राहिली. झोपेनं चेहरा सुजला होता.

“काय पाहतं तू इथून?” त्यानं विचारलं.

“बॅटरी.”

“कोणती?”

“तुमची.” ती कठड्याला टेकली. “हालत राह्यली म्हणजे तुमी चालून राह्यले. विहिरीपाशी थांबली की मले झोप येत नाही.”

“अवं, पाण्याले जातो मी. रातची लाईन असते.”

“ऑटो हाये ना, बाबा.”

लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारा तो डबा जयमालानंच मेहकरहून आणून बसवून घेतला होता. नवऱ्यानं रात्री विंचूकाट्यात जाऊ नये म्हणून. भाजीला ठिबक होतं, नळीनं पाणी झाडाच्या बुडाशी पोचायचं. वळवायचं काही नव्हतं.

“फिल्टर धुवा लागते,” तो म्हणाला.

“फिल्टर तुमी सकाळी धुता.”

खाली रुखमाबाई कोणावर तरी ओरडत होती, बकरी पाल्यात शिरली होती. दोघांनी तिकडे बघितलं नाही.

“एक डाव तुमी बॅटरी बंद केली,” समीक्षा म्हणाली. “विहिरीपाशीच. लई वेळ. तवा म्या आईच्या फोनवरून तुमाले फोन लावला. ऋत्विकचं पोट दुखून राह्यलं म्हटलं.”

ती रात्र शेखरला आठवत होती. चपला काढून काठावर नीट जोडून ठेवल्या होत्या, एवढं आठवत होतं. पुढचं त्यानं कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मग खिशातला फोन वाजला. स्क्रीनवर जयमालाचं नाव आलं होतं. तो अनवाणीच घरी पळत आला. ऋत्विक गाढ झोपलेला. खोटं बोलते म्हणून त्यानं समीक्षाला खूप बोलून घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं आणि कूस बदलून लगेच झोपली होती.

“त्याचं पोट नव्हतं दुखत,” समीक्षा आता म्हणाली.

“हाव.”

“आता फोन पेटीत राहते. मंग मी काय करू?”

त्यानं करदोट्याची किल्ली सोडायला घेतली. गाठ सुटेना. समीक्षा खाली बसली आणि तिनं नखानं ती सोडवली.

रात्री नऊला त्यानं फाटकाची कडी आतून लावली. फोन समीक्षाच्या उशाशी ठेवला आणि दोन्ही लेकरांच्या मधे अंग टाकलं. लाईट बंद केला.

“तुमी आधी झोपा,” समीक्षा म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. झोपलेल्या माणसासारखा लांब श्वास घ्यायला लागला. थोड्या वेळानं तिचा हात त्याच्या पापण्यांवर आला. बोटं हलकेच फिरली आणि थांबली.

“जागे हायत तुमी.”

“हाव,” तो म्हणाला. “मले या घरात झोप येत नाही, समीक्षा. तिची जागा दिसते. म्हणून बाहेर जातो.”

“मले बी दिसते.”

तिनं हात काढून घेतला. मग ती म्हणाली, “बोला काही.”

शेखर बोलणारा माणूस नव्हता. काय बोलावं सुचेना. मग तो उद्याच्या वांग्यांबद्दल बोलायला लागला. कोणत्या ओळीत कीड दिसते, कोणती वांगी बारीक राहिली, बाजाराला कोणती न्यायची, घरी कोणती ठेवायची. तेच तेच दोनदा सांगितलं. समीक्षा मधे मधे हूं म्हणत होती. मग हूं यायचं थांबलं.

सकाळी शाळेच्या गाडीनं दारात हॉर्न दिला. रुखमाबाई नातीला उठवायला निघाली, तर शेखरनं तिला हातानं अडवलं. ऋत्विकला घेऊन तो बाहेर आला.

“मोठी कुठं हाये?” ड्रायव्हर कडूबानं काच खाली करून विचारलं. “डोकं दुखून राह्यलं का तिचं?”

“नाही. झोपली हाये.”

“घ्या. नऊचा कायदा केला म्हणे तू घरात. गावभर झालं. अन् पोरगी सकाळी उठत नाही?”

शेखरनं ऋत्विकला सीटवर बसवलं, दप्तर त्याच्या मांडीवर दिलं.

“तुहे बी डोळे लाल दिसून राह्यले,” कडूबा म्हणाला. “रात्री लाईन होती ना. वावरात गेला होता का?”

“नाही. घरीच होतो.”

“मंग जागला काऊन बे?”

“पाहत होतो,” शेखर म्हणाला, “झोपली का ते.”

मागून ऋत्विकनं विचारलं, आज मधल्या सीटवर बसू का. कडूबा बस म्हणाला आणि त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली.