शाकारलेलं विमान

२४ नोव्हेंबर १९६३. सकाळी दाट धुकं, दहानंतर स्वच्छ ऊन, वारा समुद्रावरून, मंद.

त्या दिवशी मी एकाच इंजिनावर कसाबसा शारजाच्या धावपट्टीवर उतरलो. मी एक बॉम्बर विमान. लढाई संपून अठरा वर्षं झाली होती आणि माझ्या पोटात बॉम्ब नव्हते, फक्त फिल्मचे डबे होते.

माझा जन्म १९४४चा, अमेरिकेतल्या कान्सास सिटीचा. माझ्या अंगावरचे रिव्हेट बहुतेक बायकांनी ठोकले. डोक्याला रुमाल बांधून त्या काम करत आणि आघाडीवरून कोणाचं पत्र आलं, कोणाचं आलं नाही, एवढंच बोलत. पुढे मी इटलीतले पूल पाडले. माझं नाक काचेचं, त्यामुळे खाली काय होतं ते मला दिसायचं. पळणारी माणसंही दिसायची.

लढाईनंतर मला एका सिनेमा कंपनीने घेतलं. तोफा काढल्या आणि काचेच्या नाकात कॅमेरा बसवला. जिथून नेम धरायचे तिथूनच आता चित्रं घेऊ लागले. खालची माणसं मात्र पळेनाशी झाली. मान वर करून ती हात हलवायची. मला ते फार आवडायचं. आयुष्यातली बरी वर्षं मी तीच मानतो.

मोती काढणाऱ्या गलबतांची चित्रं घ्यायला आम्ही या किनाऱ्यावर आलो होतो. समुद्रावर असतानाच उजव्या इंजिनाचा सिलिंडर फुटला. उतरल्यावर वैमानिकाने सगळं पाहिलं आणि विमानतळाच्या ऑफिसात काम करणाऱ्या हमीदला बोलावलं. हमीद श्रीवर्धनचा, इंग्रजी जाणणारा. त्याच्याबरोबर वर्कशॉपमधला फिटर खैरुद्दीन आला. तो हर्णैचा, पन्नाशीकडे झुकलेला.

"नवं इंजिन येईपर्यंत साहेब विमान तुमच्या हवाली करतोय, खैरूभाय," हमीद म्हणाला. "इंजिन आलं की पहिल्या उड्डाणात तुम्हाला पुढे काचेत बसवणार, असं म्हणतो."

खैरुद्दीनची नऊ वर्षं विमानांखाली गेली होती. तो विमानात एकदाही बसला नव्हता. घरून आला तोही बोटीने.

"काचेत? म्हणजे खालचा समुद्र दिसणार?"

"इन्शाल्ला. मासे कुठे आहेत तेही दिसतील. घरी कळवा."

खैरुद्दीनने माझ्या नाकाला हात लावला. तो हात मला अजून आठवतो.

रोज सकाळी तो येई. डाव्या इंजिनाचा पंखा हाताने फिरवी, म्हणजे आतलं तेल एका जागी बसत नाही. चाकांतली हवा बघे. वाळू झाडे. हे सगळं बरोबर होतं. मग उन्हाळा जवळ आला आणि त्याच्या मनात दुसरंच काही आलं.

हर्णैला पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढतात, मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाने रंगवतात आणि माडाच्या झापांनी शाकारतात. चार महिने होडी त्या झापांखाली नीट राहते. खैरुद्दीनचे बाप, आजे, सगळे हेच करत आले होते. त्याने खाडीवरून मुशीचं तेल आणलं आणि माझ्या अंगाला चोळलं. खजुरीच्या झावळ्यांचे झाप विणून घेतले. पंखांवर, पाठीवर, शेपटीवर दोन-दोन थर घालून सुतळीने आवळले.

हमीद नाक दाबून उभा होता. "काय वास मारतोय! खैरूभाय, आता एक जाळं पण बांधा, मासे धरून आणील."

"तुझ्या श्रीवर्धनात सुपारीशिवाय काय असतं का रे? होडी कशी ठेवतात ते तू मला शिकवणार?"

"होडी नाही, विमान आहे ते."

"समुद्राची हवा दोघांना सारखीच."

मला ओरडून सांगायचं होतं. मी लाकूड नाही, अॅल्युमिनियम आहे. मला ऊन चालतं. इथे उन्हाळ्यात पहाटे इतकं दव पडतं की अंगावरून पाणी ओघळतं, आणि ते खारट असतं. उघडा असतो तर नऊ वाजेपर्यंत सुकलो असतो. पण झाप ओले राहत. तेलात वाळू आणि मीठ बसे. त्या ओलीत माझे रिव्हेट फुगू लागले. पत्र्याला पांढरी भुकटी सुटली. पंखाचा कणा आतून पोखरत गेला. वरून झाप नीटनेटके दिसत होते. एखादा सैल झाला की खैरुद्दीन लगेच आवळी.

इंजिन यायला सव्वा वर्ष लागलं.

फेब्रुवारी १९६५मध्ये लाकडी खोक्यातून ते आलं. बरोबर कंपनीचा इंजिनीअर होता. खैरुद्दीन त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आला. हमीदने विचारलं, "निकाह आहे का कुठे?"

"काचेत बसायचं तर कपडे बरे नकोत?"

इंजिनीअरने पंखावरचा एक झाप उचलला. मग दुसरा. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, ते बिस्किटात जावं तसं आत गेलं. तो इंग्रजीत म्हणाला, "पंखाचा कणा संपलाय. हे आता उडणार नाही. नुसतं उन्हात सोडलं असतं तरी टिकलं असतं. कोणी झाकलं हे?"

"मला ठाऊक नाही," हमीद इंग्रजीत म्हणाला.

खैरुद्दीन पुढे आला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, वय झालं. लढाईतलं विमान. खलास."

"झापांकडे बोट दाखवत होता."

हमीदने घसा खाकरला. "झाप... झाप चांगले विणलेत म्हणाला. तारीफ केली."

"बघ," खैरुद्दीन म्हणाला. पण त्याची नजर स्क्रूड्रायव्हरने पडलेल्या भोकावर होती.

मला कापायचं काम वर्कशॉपकडे आलं, म्हणजे खैरुद्दीनकडेही. आधी त्याने स्वतः सगळे झाप सोडले. उघड्या पंखावर तळवा फिरवला, तो पांढरा झाला. बराच वेळ तो तळव्याकडे बघत होता. मग पायजम्याला पुसला.

दुपारी दोघे माझ्या सावलीत चहाला बसले.

"हमीद, साहेबाने खरंच तारीफ केली?"

"केली ना."

"कसम?"

"चहा घ्या, खैरूभाय. गार होतोय."

खैरुद्दीनने पेला घेतला. पुन्हा विचारलं नाही.

वाचकहो, त्याच्या हाताचा मला राग नाही. इतक्या मायेने मला कोणी ठेवलं नव्हतं. तुमच्यापैकी कोणी शारजाला गेलं आणि तो भेटला, तर दवाचं त्याला बोलू नका. हमीद बोललेला नाही, तुम्हीही बोलू नका.

८ मार्च १९६५. आकाश निरभ्र, वारा वायव्येकडून, दुपारनंतर वाळू. माझे पंख, शेपूट आणि धड कापून झालं. पत्रा कराचीच्या लाँचवर भंगार म्हणून चढवला. डावं इंजिन चालू स्थितीत होतं, ते आणि नवं इंजिन कंपनीने परत नेलं. काचेचं नाक तेवढं वर्कशॉपच्या कुंपणाशी ठेवलं आहे. खैरुद्दीन त्यात बसलेला नाही.