ढोपराएवढी पेटी

धनराज सुताराची मयुरी जिद्दीची होती, पण तिची लाथ पोचेपर्यंत समोरची मुलगी बाजूला सरकून हसत उभी असे. सावली गावच्या शाळेत तायक्वांदो शिकवायला कोकणातून आलेल्या परब मॅडमनी त्यावर उड्यांचा सराव सांगितला. पेटीवर उडी, पेटीवरून खाली उडी, पायात स्प्रिंग येईपर्यंत. रविवारी त्यावरूनच जिल्ह्याच्या स्पर्धेचा संघ निवडायचा होता. बाकीच्यांना शाळेच्या पायऱ्या पुरत होत्या. मयुरीला मात्र मॅडम कुणाच्या तरी अंगठ्याला पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "तुझे बाबा सुतार आहेत ना? घरीच पेटी करून घे. ढोपराएवढी. त्याहून उंच नको."

मयुरीनं निरोप जसाच्या तसा घरी पोचवला. लेकीसाठी काही करायचं म्हटलं की धनराजचे हात शिवशिवायचे. त्यानं तिला भिंतीशी उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला, जमिनीपासून तिथपर्यंत माप घेतलं आणि दाराच्या चौकटीतून उरलेलं चांगलं सागवान बिनदिक्कत कापलं.

"हत्ती उभा केला तरी हालणार नाई," पेटीवर थाप मारत तो म्हणाला.

हत्तीचं ठीक होतं, पण मयुरी वर पोचेना. रोज शाळेतून आली की उडी मारायची आणि रोज पेटीची कड नडगीवर घ्यायची. दोन्ही नडग्या सोलून निघाल्या. मॅडमना येतं म्हणून काय जगाला येतं, असा मनातून रागही आला. स्पर्धेला जायचं स्वप्न त्या पेटीपाशी अडून बसलं होतं आणि बापाला तसं सांगायची सोय नव्हती, कारण तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून पेटी दाखवत होता.

"होते वं, हळूहळू होते," एवढंच तो म्हणायचा.

रविवारी त्यानं पेटी हातठेल्यावर घालून मैदानात आणली. मॅडम बघतच राहिल्या.

"धनराजभाऊ, आज भाषण आहे का कुणाचं?"

पोरं फिदीफिदी हसली. बापाचा पडलेला चेहरा मयुरीला बघवेना. ती पुढे झाली.

"मॅडम, अजून येत नाई मले. पण मारून पाह्यतो."

तिनं धाव घेतली तशी मॅडमनी तिचा दंड धरला. "वेडी आहेस का? कुणी सांगितली एवढी उंच?"

"तुमीच. ढोपराएवढी म्हणलं होतं."

"अगं, ढोपर हे." मॅडमनी गुडघ्यावर चापट मारली.

"नाई मॅडम," धनराज अदबीनं म्हणाला, "त्याले आमी टोंगळा म्हणतो. ढोपर हे." आणि त्यानं कोपर वर करून दाखवलं.

सगळं मैदान हसलं. मॅडम तर हसता हसता खालीच बसल्या. बसल्यावर त्यांना मयुरीच्या नडग्या दिसल्या आणि त्यांचं हसू थांबलं.

"माझंच चुकलं बाळा," त्या म्हणाल्या. "उंची मला बघायचीच नाहीय. उतरताना आवाज करायचा नाही, मांजर उतरते तसं उतरायचं. तेवढ्यावरच निवडणार आहे."

धनराजनं ठेल्यावरची करवत काढली, पेटी आडवी पाडली आणि मैदानाकडे पाठ करून कापायला लागला. लेकीची परीक्षा डोळ्यांनी बघायची त्याची छाती नव्हती. मागे एकेक जण पायरीवरून उडी मारत होता. धप. धप. मॅडम नाराजीनं पुढचं नाव घेत होत्या.

मयुरीचं नाव आलं तशी करवत थांबली. धनराज मान खाली घालून कान देऊन उभा राहिला. बराच वेळ झाला. मागे काहीच वाजेना. लेक घाबरली, असंच त्याला वाटलं.

"काऊन थांबली वं?" न वळताच तो म्हणाला. "मार ना उडी."

"मारली ना बाबा," मयुरी त्याच्या पाठीमागून म्हणाली. "केव्हाची."