काळ्या शेरडाची जागा

गटसंमेलनाचा दिवस उजाडला. विट्याजवळच्या जोतिबा गुरुजींच्या शाळेत आज चौदा शाळांचे मास्तर त्यांचा पाठ बघायला येणार होते. विषय नवं गणित, म्हणजे संच. खिशात अर्ज तयार होता : ‘पाचवी काढून घ्यावी, मला कायमची पहिली द्यावी.’ पाठ फसला की तो हेडमास्तरांच्या हातात ठेवायचा.

संचांचं प्रशिक्षण त्यांनी इस्लामपूरला दहा दिवस घेतलं होतं. तिथं रोज विचारत, “कुणाला शंका?” आणि साठ मास्तर रोज आपापल्या चपलांकडं बघत. जोतिबांचा तेवढा चपलांचा संच पक्का झाला होता.

म्हणून त्यांनी पोरांकडून पाठाची तालीम करून घेतली. सतरा वेळा.

मास्तरमंडळी भिंतीला टेकून बसली. जोतिबांनी खडू उचलून घसा खाकरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतली हरणा उठली नि म्हणाली, “गुलाब, झेंडू, कमळ!” प्रश्न अजून गुरुजींच्या तोंडातच होता. मागची पोरगी उठली, “व्हय गुरुजी, मोगरासुद्धा!” मग एक पोरगा, “न्हाई गुरुजी, बैल त्यात बसत न्हाई!” चार मिनिटांत पाचवी सगळी उत्तरं देऊन मोकळी झाली. शेवटी ठरल्याप्रमाणे टाळ्याही वाजल्या. पाठ पस्तीस मिनिटांचा होता आणि गुरुजी अजून एक शब्द बोलले नव्हते.

त्यांचा हात खिशाकडं गेला.

तोच हेडमास्तर लालासाहेब खुर्चीतून उठले. सगळे त्यांना आण्णा म्हणत. ते सरळ जाऊन हरणाशेजारी बस्करावर मांडी घालून बसले आणि त्यांनी हात वर केला.

“गुरुजी, मला एक कळत न्हाई.”

हेडमास्तरांना काही कळत नाही, असं त्या तालुक्यात आजवर घडलं नव्हतं.

“हरणाच्या बापाची शेरडं एका गोलात. गावातली काळी जनावरं दुसऱ्या गोलात. मग त्याचं काळं शेरडू कंच्या गोलात घालायचं? अर्धं अर्धं कापायचं?”

“आवं आण्णा, कापू नगा!” हरणा ओरडली. “गाभण हाय ते!”

हे तालमीत नव्हतं. जोतिबांनी दोन गोल काढले, पुसले, पुन्हा काढले. या खेपेला एक दुसऱ्यावर चढला. मधे लिंबाच्या फोडीएवढी जागा उरली.

“हितं, दोन्ही गोलांत,” ते म्हणाले. मग एकदम, “आरं तिच्या! म्हंजे हेच ते व्हय!”

“तुमाला आत्ता कळलं?” भिंतीकडून एका मास्तरानं विचारलं.

जोतिबांनी मान डोलावली. “आत्ताच.”

“मी बी हुतो इस्लामपूरला. मला आजून न्हाई कळलं. परत काढा.”

मग हातच हात वर आले. फळा भरला. आण्णा म्हणाले, “कागद हाय का?” जोतिबांनी खिशातला काढून दिला. आण्णांनी गोल काढले, शेरडू काढलं, आणि सहज कागद उलटला.

जोतिबांनी तो परत घ्यायला हात पुढं केला. आण्णांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.

“मंजूर केला असता,” ते म्हणाले, “पर मागं शेरडू काढून बसलोय. आता ह्यो गणिताचा कागद झाला.” त्यांनी तो स्वतःच्या खिशात घातला. “फुडच्या महिन्यात पाठ मी देतो. शंका तुमी काढा.”

“गुरुजी,” हरणानं विचारलं, “आता परत टाळ्या वाजवायच्या का?”

“थांब,” जोतिबा म्हणाले. “आजून सात हात वर हायत.”