करिश्मा पाटीलचा विमा

मल्लिकार्जुन खानापुऱ्यांनी उभ्या आयुष्यात खोटं वजन कधी केलं नव्हतं. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. घागरीला पोचा असेल तर ते गिऱ्हाइकाला आपणहून दाखवत आणि मगच भाव सांगत. त्याच माणसानं नांदेडच्या एका दवाखान्यात, काउंटरवरच्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून, पोटच्या पोरीचं नाव 'करिश्मा पाटील' म्हणून सांगितलं. करिश्माच का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तोंडाला आलं ते बोलून गेले. पाटील मात्र विचार करून घेतलं होतं. हे आडनाव कुठल्याही जातीत खपतं.

शेजारी उभ्या असलेल्या शिवकांताबाईंना ते पटलं नाही, पण त्या बोलल्या नाहीत. चारचौघांत नवऱ्याचा शब्द खोडायचा नाही, हे त्यांचं माहेरचं वळण. असल्या वळणांनी राखलं किती आणि बुडवलं किती, याचा विचार बायका फार उशिरा करतात.

गोष्ट कळली ती अशी. त्यांची पोरगी मंजुषा लातूरला होस्टेलवर राहून फार्मसी शिकत होती. दिवाळीला घरी आली आणि खोलीचं दार लावून लिंगपूजा करायला लागली. खानापुऱ्यांच्या घरात पूजेला दार कधी लागलेलं नाही. सकाळी सगळे ओळीनं बसतात, कपाळाला विभूती लावतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतात, पूजा झाली की आपापल्या कामाला लागतात. शिवकांताबाईंना वाटलं, पोरीला शहराचं वारं लागलं. गळ्यातलं लिंग काढून ठेवलं असणार आणि दारामागं मोबाइल चालला असणार. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून त्यांनी दार ढकललं.

पोरगी खरोखरच पूजेला बसली होती. तळहातावर लिंग होतं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली होती. हातावर जखमांच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही अलीकडच्या.

"मांजरानं ओरबाडलं," मंजुषा म्हणाली. मग आईच्या तोंडाकडं बघून तिला खोटं पुढं रेटता आलं नाही. "न्हाई. मीच करून घेते."

रागवायला आलेली बाई तिथंच खाली बसली. "देवाला दाखवतीस," त्या म्हणाल्या, "अन् मला लपवून राहिलीस व्हय गं?" आणि दोघी रडल्या.

लातूरला डॉक्टर काही कमी नाहीत. पण तिथं गंजगोलाईच्या बाजारात दर दुसऱ्या दुकानात खानापुऱ्यांचा एखादा सोयरा-पाहुणा. 'शरणार्थ' म्हणून हात जोडले की पुढचा प्रश्न ठरलेला, 'इकडं कसं काय?' त्यातून मंजुषाला स्थळं यायला लागली होती. म्हणून नांदेड. बाजारात सांगितलं, माल बघायला चाललोय. बायको-मुलीला घेऊन कुणी माल बघायला जातं का, हा विचार मल्लिकार्जुनांना एसटीत बसल्यावर सुचला.

डॉक्टर मनिषा चांगल्या होत्या. त्यांना घाई नसायची. पण त्यांनी "करिश्मा, झोप लागते का?" असं विचारलं की मंजुषा क्षणभर मागं वळून बघायची, दुसरं कुणी आत आलंय की काय. मग हो-नाहीवर भागवायची. दोन खेपा अशाच वाया गेल्या.

"डॉक्टरला काही सांगत कामून न्हाईस?" परत येताना अहमदपूरच्या पुढं शिवकांताबाईंनी विचारलं.

"काय सांगू? त्या करिश्माला विचारायल्यात," मंजुषा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "करिश्माला काहीच झालेलं न्हाई."

शिवकांताबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. ते झोपेचं सोंग घेऊन बसले होते. त्या दिवशी शिवकांताबाईंना नवऱ्याचा मनापासून राग आला. पण राग येणं वेगळं आणि बोलणं वेगळं. मुरुड आलं, त्या उतरल्या आणि स्वयंपाकाला लागल्या.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आईबापांना आत बोलावलं. "हिला ॲडमिट करू या," त्या म्हणाल्या. "ही फार थोडं बोलते, पण जेवढं बोलली तेवढ्यावरून तिला एकटं ठेवायला मी तयार नाही. औषध लागू पडेपर्यंत दोन-तीन आठवडे तरी लागतील."

मल्लिकार्जुन घाईनं म्हणाले, "चार दिवसांत भागवा, मॅडम. मी रोख भरतो."

"हा चार दिवसांचा आजार नाही. आणि रोख कशाला? विमा असेल तर खाली चौकशी करा."

खाली विम्याचं टेबल होतं. तिथं राजकन्या नावाची मुलगी बसली होती. समोर खुर्च्यांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. "पेशंटचा विमा..." एवढंच ती बोलली, तोच मल्लिकार्जुन म्हणाले, "न्हाई."

विमा नाही म्हणे! दर मार्चला हप्ता भरून आलं की हाच माणूस ताटावर बसून कुरकुरायचा, 'इतकी वर्षं भरून राहिलो, कंपनीचा साधा चहा पेलो न्हाई.' कार्ड आताही त्यांच्या पाकिटात होतं.

"अहो, कार्ड हाय की," शिवकांताबाई हळूच म्हणाल्या.

"गप ऱ्हा. डोक्याच्या आजाराला विमा देत असत्यात का? त्यातून सोताच्या हातानं करून घेतलेलं. पैसा तर मिळायचा न्हाई, वर नाव-गाव सगळं लिहून जाईल." मल्लिकार्जुन कुजबुजत होते, पण गिऱ्हाइकांना हाका मारून तयार झालेला गळा कुजबुजून कितीसा बारीक होणार!

मंजुषानं ऐकलं. ती उठून टेबलापाशी आली. तीन खेपांत तिनं आपणहून तोंड उघडलं नव्हतं.

"अप्पा, माझा हात मोडला असता तर कार्ड काढलं असतं ना?"

मल्लिकार्जुनांनी पाकिटाच्या खिशावर हात ठेवला.

"त्या विम्यात माझं नाव हाय का न्हाई? का तिथं बी करिश्माच हाय?"

समोरची माणसं वळून बघायला लागली. शिवकांताबाईंनी नवऱ्याची वाट बघितली, नेहमी बघत तशीच. मग त्यांनी लेकीकडं बघितलं. पोरगी टेबलाची कड धरून उभी होती. आता आपण गप्प राहिलो तर ही परत कधी बोलायची नाही, हे त्या माउलीला लख्ख कळलं, आणि मग कसली भीड आणि कसलं माहेरचं वळण.

"ताई, ते नाव खोटं हाय," त्या राजकन्येला म्हणाल्या. आवाज एवढा मोठा निघेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. "माझ्या लेकीचं नाव मंजुषा."

"मंजुषा मल्लिकार्जुन खानापुरे," मल्लिकार्जुन म्हणाले. त्यांनी पाकिटातून कार्ड काढून पुढं केलं. "मुरुडची. माझी पोरगी हाय. मीच खोटं बोललो, तिनं न्हाई."

राजकन्येनं कार्ड घेतलं. तिला कशाचंच नवल वाटलेलं दिसलं नाही. "नाव बदलून आलेले तुम्ही काय पहिले न्हाईत, काका. आधार द्या, दुरुस्त करता येतंय."

"अन् हातावरचं? पडली-बिडली म्हणून सांगावं का?"

"अजिबात न्हाई. जे झालं तेच डॉक्टर लिहितील. खोटं कारण दिलं की तिथंच गाडं अडतंय. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्यायचा, असा कायदा हाय. पॉलिसी जुनी हाय तुमची. कंपनी दोन प्रश्न विचारंल, त्याची उत्तरं मॅडम देतील."

"गावात कळंल का?"

"आमच्या तोंडून न्हाई."

कंपनीनं प्रश्न विचारले, डॉक्टरांनी उत्तरं दिली, आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. पुढं घरी गेल्यावर महिन्याच्या तपासण्या मात्र आपल्या खिशातून, हेही कळलं. मल्लिकार्जुन सवयीनं कुरकुरले आणि 'भरू' म्हणाले.

वॉर्डात रात्री घरच्यांना राहू देत नव्हते. दोघं जवळच्या लॉजवर उतरली. डॉक्टर रोज "ये, मंजुषा" म्हणून आत बोलवायच्या. पहिल्या दिवशी पोरगी डोळे सुजवून बाहेर आली. आपण तिला बरं करायला आणलं की आणखी रडवायला, असंही शिवकांताबाईंच्या मनात येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन तिनं धपाटे मागितले. नांदेडच्या लॉजवर धपाटे कुठून आणणार? मल्लिकार्जुन पहाटेच्या एसटीनं मुरुडला गेले आणि भावजयीकडून करून घेऊन दिवस मावळायच्या आत परत आले.

ते व्हरांड्यात डबा घेऊन उभे असतानाच लातूरच्या अमृतरावांचा फोन आला. अमृतराव म्हणजे एकाच वेळी जुने व्यापारी, लांबचे पाहुणे आणि स्थळं सुचवणारे.

"मुरुडात आलोय, दुकान बंद दिसायलंय, मल्लिकार्जुनअप्पा. कुठं हाव?"

"नांदेडला. मंजू दवाखान्यात हाय."

"अरे! काय झालं?"

मल्लिकार्जुनांनी एकदा बायकोकडं बघितलं. "मनाचा आजार हाय. ॲडमिट केलंय. उपचार चालू हाय," ते म्हणाले.

मग अमृतराव म्हणाले, "बरं केलं, नेलं ते." त्यांनी पुढं काही विचारलं नाही. ते उद्या कुणाला सांगतील की नाही, हे सांगता येत नव्हतं. मल्लिकार्जुनांनी फोन खिशात टाकला आणि डबा घेऊन आत गेले.

असाच दुसरा आठवडा लागला. एका सकाळी शिवकांताबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा मंजुषा खाटेवर पाय सोडून बसली होती. चेहरा ओढलेला, पण नजर सरळ.

"आई, रात्री लई वाईट गेलं," ती म्हणाली. "परत तसंच करावं वाटायलं होतं."

शिवकांताबाईंनी कप खाली ठेवला. नजर आपोआप तिच्या बाहीकडं गेली.

मंजुषानं बाही स्वतःच वर केली. नवं काही नव्हतं.

"मग गं?" आईनं विचारलं.

"बेल दाबली," मंजुषा म्हणाली. "सिस्टर आल्या. मी त्यांना म्हणलं, मला एकटीला सोडू नका."