सान सेबास्तियन न पाहिलेला कुकर

दोन विमान तिकिटं, चार रात्रींचं हॉटेल आणि रोजचा नाश्ता, एवढं शांतारामच्या पदरात पडणार होतं. तो मस्कतमधल्या फरशांच्या दुकानाचा मॅनेजर. वर्षभरात ठरल्यापेक्षा जास्त स्पॅनिश फरशा खपवल्या, म्हणून कारखान्याने त्याला बायकोसह स्पेनला बोलावलं होतं. मुलीचं तिकीट त्याने स्वतः काढलं. दुपारचं आणि रात्रीचं जेवण मात्र बक्षिसात बसत नव्हतं. तिथे माझी गरज लागली.

मित्रांनो, मी दीड लिटरचा, विजेवर चालणारा एक जुना कुकर आहे. वय वर्षं अठरा. झाकणाची मूठ कधीच तुटली, आता तिथे स्क्रूने लाकडाचा तुकडा बसवलाय. बटण दाबलं की पूर्वी टक् वाजायचं, हल्ली दोनदा दाबावं लागतं. आता दमलोय मी.

मला विकलं कासमभाईंनी, मत्रहच्या बाजारातल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानातून. मूळचे रत्नागिरीचे माणूस. "शांताराम, लग्न होईस्तोवर ह्याच्याशी संसार कर," ते म्हणाले, "हा उलटून बोलत नाही." तेव्हा शांताराम वादी अदाईला एका खोलीत तिघांबरोबर राहायचा. भाताची पाळी चौघांची होती, पण पंधरा दिवसांत ती त्याच्या एकट्याकडे आली, कारण बाकीच्यांचा भात एक तर चिकट नाही तर कच्चा. तो बोटाच्या पेराने पाणी मोजायचा. सुरमईच्या कालवणाबरोबर माझा भात संपला की तिघं पातेलं खरवडायचे आणि म्हणायचे, "शांताराम, तुझ्या हाताला चव आहे रे." माझं नाव कुणी घेतलं नाही, पण मला ते चालायचं. ती माझी उमेदीची वर्षं.

मग लग्न झालं, सुगंधा आली, आणि त्या दिवसापासून शांतारामचं बोट पाण्यात बुडालं नाही. कुणी मनाई केली नव्हती. तो विसरला. सोयीच्या गोष्टी माणसं किती झटकन विसरतात, ते मी ओट्यावरून पाहिलंय. पुढे बढती मिळाली, मदिनत सुलतान काबूसला मोठं घर झालं, गॅसवर मोठा कुकर आला आणि मी माळ्यावर गेलो. खाली यायचो ते सहलीपुरता. सलाला, दुबई, बाकू. आमच्या लोकांची सहल माझ्यावाचून निघत नाही. पासपोर्टच्या आधी मला शोधतात.

आता सान सेबास्तियन. बास्क लोकांचं जुनं शहर, स्पेनच्या उत्तर टोकाला, समुद्रावर. सुगंधाने तीन महिने फोनवर वाचून, व्हिडिओ बघून लेकीच्या, ज्ञानदाच्या जुन्या वहीत यादी केली होती. सात ठिकाणं. शिंपल्यासारखा गोल वळलेला ला कोन्चाचा किनारा. जुन्या वस्तीतला चौक, जिथे बैलांचे खेळ बघायला बाल्कन्या भाड्याने द्यायचे आणि बाल्कन्यांवर आजही आकडे आहेत. सान तेल्मोचं संग्रहालय. खडकांत रोवलेली लोखंडी शिल्पं, 'वाऱ्याचे कंगवे'. इगेल्दोच्या डोंगरावर चढणारी जुनी रेल्वे. पावाच्या तुकड्यावर काडीने टोचून मिळणारे पिंचो, तेही उभ्याने खायचे. आणि उर्गुल, बंदराला लागून असलेली टेकडी, माथ्यावर किल्ला. उर्गुलखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या. "तिथून सगळं गाव एकदम दिसतं म्हणे," मला पुसता पुसता ती म्हणाली होती. लग्नानंतर तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, असं माझं निरीक्षण आहे.

हॉटेलच्या दाराआड चार भाषांत सूचना लावली होती. ज्ञानदाने वाचली. "बाबा, नो कुकिंग इन रूम लिहिलंय."

"ते कुकिंग करणाऱ्यांसाठी गं," शांताराम म्हणाला. "आपण नुसती खिचडी लावतोय."

पहिल्या संध्याकाळी सगळे मिळून ला कोन्चावर जाऊन आले. परत आल्यावर मला बाथरूमच्या दाराशी ठेवलं, खिडकी उघडली, दाराच्या फटीला टॉवेल लावला. मूगडाळ, तांदूळ, घरून आणलेला गोडा मसाला. वास मजलाभर गेला असावा, कारण शेजारच्या खोलीतून ओमप्रकाश आले. ते शांतारामच्याच दुकानाच्या सोहार शाखेचे, असेच बक्षिसावर आलेले, शुद्ध शाकाहारी आणि प्रवासातले दोन दिवस ब्रेडवर काढलेले. "भाभीजी, बस दो चम्मच," म्हणाले. मी दोन मोजत गेलो आणि नऊला मोजणं सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून क्रम बसला. सगळे नाश्ता करायचे, निघायची वेळ झाली की शांताराम म्हणायचा, "सुगंधा, तू भात लावून ये मागून." पण मागून कशी येणार? मला एकटं सोडून चालत नव्हतं. सफाईवाली बाई कधीही किल्ली लावायची. मी शिजेपर्यंत सुगंधा दाराला पाठ लावून बसायची. मी शिजलो की मंडळी जेवायला परत. जेवले की भांडी, बेसिनमध्ये, हॉटेलच्या साबणाने. मग संध्याकाळचा भात. तिसरा दिवस तसाच, चौथाही तसाच.

त्यामुळे ते शहर मला ठाऊक आहे ते घासागणिक. कंगव्यांतून वारा शिट्ट्या मारतो, हे पापडाबरोबर कळलं. संग्रहालयात ओमप्रकाश बाकावर झोपले, हे लोणच्याबरोबर. सुगंधाही शहर तसंच पाहत होती, वाढता वाढता. आणि दर जेवणानंतर शांताराम वही उघडून निळ्या पेनाने खूण करायचा.

चौथ्या रात्री तो भलताच खुशीत होता. "अगं, इथल्या पुरुषांची कमाल आहे! स्वयंपाकाचे क्लब काढलेत त्यांनी. बाजार तेच करतात, शिजवतात तेच. पूर्वी बायकांना त्या स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत."

"मग मला आधीच तिथे नेऊन सोडायचं होतं," सुगंधा म्हणाली. "बाहेर बसले असते."

ओमप्रकाश मोठ्याने हसले आणि ताट पुढे केलं. शांतारामही हसला. वादी अदाईची खोली मला आठवत होती, त्याला आठवली का ते कळलं नाही.

शेवटचा दिवस. विमानतळाची बस साडेतीनला. पाऊण वाजता मी शिजत होतो, बाहेर बारीक पाऊस लागला होता. बॅगा भरताना ज्ञानदाने वही उघडली.

"आई, हे सगळे टिक्स बाबांचे आहेत. युवर्स कुठे?"

"मी समुद्र पाहिला की."

"दॅट्स वन, आई."

सुगंधाने वहीवर नजर फिरवली. हातात डाव होता, तो तिने हळूच खाली ठेवला. मग वाकून माझी वायर भिंतीतून उपटली.

"अहो, मी उर्गुलला चाललेय."

"आत्ता? अगं, भात अर्धा कच्चा आहे!"

"असू दे."

"आणि सफाईवाली आली तर?"

"तिला बसवा जेवायला. यल्ला, चल ज्ञानदा."

दार लागलं. ओमप्रकाश ताट धरून उभे. "भैया, अब?" शांताराम माझ्यासमोर उकिडवा बसला. मग झाकण काढलं, आत बघितलं, अर्धा पेला पाणी घातलं आणि वायर लावली. बटण दोनदा दाबावं लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा जमलं.

टेकडीवर काय झालं ते मला मस्कतला परतल्यावर कळलं, ज्ञानदा मावशीला फोनवर सांगत होती तेव्हा. पायऱ्या निसरड्या होत्या, आईच्या पायात साध्या चपला. अर्ध्या वाटेवर जुन्या तोफा आहेत, तिथवर दोघी पोहोचल्या. खाली अख्खी खाडी, मध्ये बेट, गावाची लाल छपरं. किल्ला अजून वर होता, पण घड्याळात सव्वादोन वाजले होते. "आई तिथे दहा मिनिट्स नुसती उभी होती, मावशी. फोटो पण नाही काढला. मग म्हणाली, चल, बस जाईल."

परवा खालच्या मजल्यावरच्या अश्लेषाताई मला मागायला आल्या. पुढच्या महिन्यात जॉर्जियाला निघाल्यात. सुगंधाने मला माळ्यावरून काढलं, पुसलं आणि हातात धरूनच विचारलं, "भात कोण लावणार, ते ठरलंय?" त्या नुसत्या हसल्या. सुगंधाने मग मला दिलं.

तर मित्रांनो, मला जपू नका. माझा तळ गेलाय, माझं काय ते झालं. पण प्रवासात कुकर चढवलात, तर त्याच्याशेजारी कोण बसलंय ते एकदा वळून बघा, आणि पाळी लावा.

हिशेब असा. शांताराम, सात ठिकाणं आणि अर्धा भात. ज्ञानदा, सात. ओमप्रकाश, पाच ठिकाणं आणि पोटभर खिचडी. सुगंधा, सात वेळा पूर्ण स्वयंपाक, एक किनारा, अर्धी टेकडी. ती सहल कारखान्याने दिली, असं दुकानात सगळे म्हणतात. तिची किंमत भरली सुगंधाने, न पाहिलेली साडेपाच ठिकाणं मोजून.