ओ सिक्युरिटी

निकेश तांडेलनं रविवारी दुपारी घरच्या पलंगावर मांडी घालून कंपनीच्या सर्व्हरचा कर्नल अपग्रेड केला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नियम साधा होता. सर्व्हर बंद करून चालू करायचा तर एकानं तुर्भ्याच्या डेटा सेंटरला, जिथं कंपनीची मशीनं ठेवलेली, त्या मशीनजवळ बसायचं. काही फिसकटलं तर हाताशी माणूस असावा म्हणून. पण निकेशनं टीमला ठोकून दिलं, "कोणी जायची गरज नाही, माझ्या घरून होईल."

घरून का? तर रविवारी तुर्भ्याच्या त्या सेंटरच्या गेटवर त्याचा बाप ड्यूटीला असायचा.

जानू तांडेल करावे गावचा. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा त्यानं होडी विकली आणि सिक्युरिटीचा निळा शर्ट अंगात घातला. त्याच शर्टावर पोरगा शिकला. पोरगा वाशीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवाला झाला आणि कंपनीची मशीनं नेमकी बापाच्या गेटच्या आत निघाली. योगायोग म्हणा, नाहीतर खाडीदेवानं केलेली थट्टा म्हणा. पहिल्याच आठवड्यात मॅनेजर शर्मिला मॅडमनी सहज विचारलं, "वडील काय करतात रे?" निकेशच्या तोंडून निघून गेलं, "फिशिंगचा बिझनेस आहे. दोन बोटी आहेत."

झालं. एकदा बोट पाण्यात सोडली की वल्हवत राहावं लागतं. गणपतीला अख्खी टीम करावेला दर्शनाला यायचं म्हणाली, तेव्हा निकेशनं आदल्या दिवशी बापाला गाठलं. "बाबा, उद्या ओव्हरटाइम घे ना."

जानूनं कारण विचारलं नाही. "घेतो," म्हणाला.

घरात गणपती बसलेला आणि घरचा कर्ता माणूस परक्याच्या गेटवर उभा. पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा निकेशनं "बोटीवर गेलेत" म्हणून वेळ मारून नेली. त्याची आई चंद्राबाई मोदकांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते तिथंच ठेवलं आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती पुन्हा बाहेर आली नाही.

तर तो रविवार. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला मुख्य कारभारी. निकेशनं जुना कारभारी बदलून नवा बसवला, मशीन बंद करून चालू केलं, आणि मशीन परत आलंच नाही. म्हणजे चालू झालं असेल, पण नेटवर्कवर त्याचा पत्ता नाही. निकेश हाका मारतोय, पलीकडून ओ नाही. त्या मशीनवर रक्त तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट होते. लॅबवाल्यांचे फोन सुरू झाले. लोक काउंटरवर ताटकळलेत, एका पेशंटचं ऑपरेशन रिपोर्टसाठी अडलंय. निकेशच्या तोंडचं पाणी पळालं.

शर्मिला मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला. टीममधला शिवाही त्यात आला.

"तू तुर्भ्यात नाहीयेस?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. पण निघतो, लगेच निघतो."

"तू पोचेपर्यंत थांबायचं? नको. गेटवरच्या गार्डला आत पाठवते. त्यांच्याकडे ड्यूटीचा मोबाइल आहे. तू फक्त सांग, ते करतील."

  ज्याला चुकवायला निकेश घरी बसला, त्याच्याच हातात आता याची अब्रू जाऊन पडली होती.

स्क्रीनवर तिसरा चौकोन उघडला. त्यात डोक्यावरची टोपी, घामेजलेलं कपाळ आणि जानूचे डोळे दिसले. त्या डोळ्यांनी निकेशला पाहिलं, मॅडमना पाहिलं, आणि ते शांतपणे थांबले. पोरगा काय हाक मारतो याची वाट बघत.

निकेशनं हाक मारली, "ओ सिक्युरिटी, आवाज येतोय का?"

"येतो सर," जानू म्हणाला.

चंद्राबाई दारात कोलंबी सोलत बसली होती. नवऱ्याचा आवाज ओळखायला तिला मान वळवावी लागली नाही. तिचा हात मात्र थांबला.

"मशीनच्या मागे निळी वायर आहे. तिथं दिवा पेटलाय का बघा."

"हिरवा हाय सर. लुकलुकतंय."

म्हणजे वायर धड होती. जानूनं मोबाइल मशीनच्या स्क्रीनसमोर धरला, तेव्हा भानगड कळली. नव्या कारभाऱ्याला मशीनमधलं जुनं नेटवर्क कार्ड ओळखताच येत नव्हतं. हे आधी तपासायचं असतं. निकेशनं तपासलं नव्हतं. उपाय एकच, मशीन पुन्हा चालू करायचं आणि सुरुवातीला क्षणभर जी यादी दिसते तिच्यातून जुना कर्नल निवडायचा.

"यादी आली की खालचा बाण दाबायचा. लगेच. कळलं?"

"कल्ला सर."

यादी आली. जानूची मोटाड बोटं, जाळं ओढून ओढून राठ झालेली, कीबोर्डवर बाण शोधत राहिली. यादी गेली. मशीन पुन्हा नव्या कर्नलवर जाऊन बसलं.

शिवा हसला. "काका बाण शोधेपर्यंत सोमवार उजाडणार."

आणि निकेशही हसला. कुणी बंदूक लावली नव्हती, पण हसला. वर आवाज चढवून म्हणाला, "ओ सिक्युरिटी, झोपलात काय? लगेच दाबा म्हटलं ना!"

"चुकला सर. परत करू?"

दारातून चंद्राबाई उठली. कोलंबीचं पातेलं तसंच ठेवून तिनं पोराकडे एकदा पाहिलं आणि परसात गेली. निकेशला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण धरणीला दुसरी कामं असतात. दुसऱ्या खेपेला जानूनं आधीच बाणावर बोट ठेवलं. यादी आली, त्यानं दाबलं, सांगितलं तिथं थांबला, एन्टर मारला. जुना कर्नल उठला आणि त्यानं जुनं कार्ड ओळखलं. निकेशच्या लॅपटॉपवर मशीननं ओ दिली. लॅबचे रिपोर्ट धडाधड सुटायला लागले.

"सुटलो बाबा," मॅडम म्हणाल्या. "काका, तुमच्यामुळे झालं हं. नाव काय तुमचं? एजन्सीला कळवते मी."

 जानू तांडेल म्हटलं की संपलं. निकेश तांडेलच्या मशीनजवळ दुसरा तांडेल निघाला, तर कुणालाही उलगडा झाला असता.

जानूनं क्षणभर खाली पाहिलं. छातीवर नावाची पट्टी होती, तिच्यावर त्यानं तळहात ठेवला. छातीत दुखल्यावर ठेवतात ना, तसा. "पोपट," तो म्हणाला. पोपट त्याच गेटवरचा दिघ्याचा गार्ड, दुसऱ्या पाळीचा. "पोपट म्हना, म्याडम."

आणि चौकोन बंद झाला.

संध्याकाळी जानू घरी आला. शर्ट खुंटीला लावला, हातपाय धुतले, जेवायला बसला. निकेश समोर मान खाली घालून बसला होता. बाप चार शिव्या घालेल, एक थोबाडीत देईल, तर जरा हलकं वाटेल, अशी त्याची आशा. बेशरमाला शिक्षासुद्धा आपल्या सोयीची हवी असते.

जानूनं भाकरी मोडली. "तुजी म्याडम चांगली हाय रं," तो म्हणाला. "येवरी वर्सा त्या गेटवर उबा हाय मी. येनारा जानारा सिक्युरिटी म्हन्तं, वॉचमन म्हन्तं. माजा नाव आज पयल्यांदा कोनी इचारला."

राग नव्हता त्यात. तक्रारही नव्हती. तो आपला कालवण भाकरीला लावत राहिला.  एवढ्या वर्षांत कुणीतरी बापाला नाव विचारलं, आणि ते त्याला सांगता आलं नाही. कुणामुळे, हे चंद्राबाईनं बोलून दाखवलं नाही. तिनं फक्त निकेशच्या ताटात कोलंबी वाढली नाही.

सोमवारी सकाळच्या मिटिंगला सगळे कॉलवर होते. मॅडम म्हणाल्या, "त्या पोपट काकांचं कौतुक करणारं मेल मी एजन्सीला पाठवतेय."

"मॅडम," निकेश म्हणाला. त्यानं कॅमेरा चालूच ठेवला. "पोपट नाही. त्यांचं नाव जानू. जानू तांडेल. ते माझे वडील आहेत. बोटी नाहीत आमच्याकडे. एक होडी होती, तीही विकली."

 शिवानं मान वळवली. निकेशला वाटलं, बोललो एकदाचा, आता ओझं उतरेल. कबूल केलं की सुटका होते असं त्यानं कुठूनतरी ऐकलं होतं.

 शर्मिला मॅडमच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"म्हणजे काल," त्यांनी विचारलं, "'ओ सिक्युरिटी, झोपलात काय' हे तू तुझ्या वडिलांना म्हणत होतास?"

"हो," निकेश म्हणाला.