मी मोजले नाही

मित्रांनो, मी कोडचा एक जुना तुकडा आहे. आसपासच्या वायफायची नावे संगणकासाठी उतरवून घेणे, हे माझे काम. एका नावासाठी मला बत्तीस अक्षरांची जागा दिलेली होती.

मला एका प्रोग्रामरताईंनी लिहिले. लांब नाव अडवायचे काम माझ्या आधीचा टप्पा करतो, असे त्यांनी धरले. तो टप्पा लिहिणाऱ्या काकांनी धरले, पुढचा करतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरे काय! मोजले कुणीच नाही.

अकरा वर्षे मी कितीतरी संगणकांत इमानेइतबारे राबलो. "किती पटकन जोडलं जातं हो!" असे लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

मग एके दुपारी एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्याखाली कुणीतरी गाडी लावली. गाडीतल्या वायफायचे भलेमोठे नाव दवाखान्याच्या संगणकात माझ्यापाशी आले. मी आपला उतरवत गेलो. बत्तीस अक्षरे भरली तरी थांबलो नाही. उरलेले शेजारच्या जागेत सांडले. पुढे काय करायचे, हे संगणक त्या जागेत बघतो. तिथे आता परक्याचे हुकूम होते आणि संगणकाने ते मुकाट पाळले. पेशंट बायकांच्या खाजगी नोंदी बाहेर गेल्या.

संशय आला तो नोंदी ठेवणाऱ्या मावशींवर. "पासवर्ड तुम्हालाच ठाऊक होता, मावशी," एवढेच डॉक्टर म्हणाल्या. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर मावशींनी खणातला चष्मा आणि डबा पिशवीत भरला, किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या जिना उतरल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोराला दार उघडून देणारा मी पुढची नावे उतरवत होतो.

पाच महिन्यांनी ताईंना माझी खोड सापडली. 'चूक माझी' असे त्यांनी सगळ्यांना लिहून कळवले आणि माझ्यात एक ओळ घातली: आधी मोज, जास्त असेल तर नाकार. एवढीशी ओळ! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दवाखान्याचा संगणक तपासल्यावर तिथेही माझेच पाप निघाले. डॉक्टरांनी लगेच फोन लावला. "मावशी, चूक संगणकाची होती. उद्यापासून या."

"संगणक दुरुस्त झाला ना? बरं झालं," मावशी म्हणाल्या. "पण बाई, गल्लीत सगळे मला चोर म्हणतात. ते कोण दुरुस्त करणार?"

मित्रांनो, दुसऱ्याने मोजले असेल असे धरून चालू नका. संगणकावर दुरुस्तीचे अपडेट आले की 'नंतर बघू' म्हणू नका. आणि काही बिघडले तर माणसावर बोट ठेवण्याआधी माझी झडती घ्या. मावशी अजून कामावर आलेल्या नाहीत.